दुसरी गोळी जोडण्याआधी

स्किझोफ्रेनियाच्या साधारण तीनपैकी एका रुग्णाला नेहमीच्या औषधांनी पुरेसा गुण येत नाही. कानात आवाज येतच राहतात, संशय हटत नाही. मग चिठ्ठीवर एकापाठोपाठ एक गोळ्या वाढत जातात. ही घाई आहे. दोन वेगवेगळी औषधे, पुरेशा मात्रेत, प्रत्येकी किमान सहा आठवडे नियमित घेऊनही फरक पडला नाही, तरच आजार औषधांना दाद देत नाही असे म्हणावे. अशा वेळी आधी द्यायचे ते क्लोझापिन. १९८८च्या अमेरिकी अभ्यासात त्याने ३० टक्के रुग्णांना गुण आला. जुन्या क्लोरप्रोमाझिनने अवघ्या ४ टक्क्यांना. क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक घटतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. या खटाटोपापायी क्लोझापिन लांबणीवर पडते, रुग्णाची वर्षे वाया जातात.

तेही अपुरे पडले, तर जोडीला अ‍ॅरिपिप्राझोलसारखे औषध किंवा विजेचे उपचार देतात. जोडऔषधांचा पुरावा मात्र तोकडाच. त्याआधी विचारावे: रुग्ण बिडी ओढतो का? धुरामुळे क्लोझापिनची रक्तातली पातळी उतरते. (तंबाखू मळून खाल्ल्याने तसे होत नाही.) वॉर्डात बिडी बंद असते, गुण येतो, घरी ती सुरू झाली की आवाजही परततात, आणि नातेवाईक म्हणतात, ‘औषध लागू पडेना.’ उलट, बिडी एकदम सोडली तर पातळी चढते. म्हणून सोडतानाही डॉक्टरांना सांगायला हवे.