काठ चिखलाचाच असू द्या

थंडी पडली की नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरला पहाटेच दुर्बिणी घेतलेली कुटुंबे दिसू लागतात. संस्कृत काव्यातून आपल्या परिचयाचा असलेला चक्रवाक हिमालय ओलांडून तेथे उतरतो. थापट्या आणि तलवार बदकेही येतात. गोदावरी-कादवा संगमावरील हा जलाशय मानवनिर्मित आहे. बंधाऱ्यामागे गाळ साचला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी आले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. ज्याला आपण घाण म्हणतो, त्या गाळाची ही किमया!

आणि आपल्या गावातील तळ्याचे आपण काय करतो? सुशोभीकरण! काठाला दगडी भिंत, वर दिवे, मध्ये कारंजे. मुलांना पक्षी दाखवताना पायाशीही पाहायला सांगावे. लव्हाळ्यावर बसलेला चतुर आपले बालपण पाण्यात काढतो व तेथे डासांच्या अळ्या फस्त करतो. पंख फुटण्याच्या वेळी तो गवताच्या काडीवर चढून कात टाकतो. भिंत बांधताना आपण नेमकी तीच काडी उपटतो आणि पुढे डासांसाठी धूरफवारणीची मागणी करतो. नगरसेवकाकडे बाकडी अवश्य मागावीत. पण तळ्याची निदान एक बाजू गवता-चिखलाची राहू द्यावी, हेही त्याच अर्जात लिहावे.