व्यक्ती की वर्ग?

आपल्या शिबिरांतून हा प्रश्न हमखास येतो. डाव्या मित्रांच्या मते व्यक्तिस्वातंत्र्य हे भांडवलदारी थोतांड. खुल्या बाजाराचे भाट म्हणतात, समता आणायला गेलात की स्वातंत्र्य मेले. बाबासाहेबांचे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' दोघांनीही उघडलेले नसते. (आपल्यापैकी कितीजणांनी उघडले, हेही विचारायला हवे.)

शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी लिहिलेले हे निवेदन 1947 साली प्रसिद्ध झाले. व्यक्ती हेच साध्य, हे त्याचे गृहीतक. आणि त्याच निवेदनात मूलभूत उद्योग, विमा व शेतजमीन राज्याच्या मालकीची करा, अशी मागणी! यात विसंगती नाही. बेकाराला नोकरी देताना मालकाने 'युनियनमध्ये जायचे नाही' अशी अट घातली, तर तो काय करील? उपाशी माणसाचे मूलभूत हक्क मालकाच्या खिशात जातात. म्हणजे व्यक्तीला वाचवायचे तर अर्थव्यवस्थेला हात घालावाच लागतो.

मग नुसता वर्गलढा का पुरत नाही? मुंबईच्या गिरण्यांकडे पाहा. विणकाम खात्यात पगार जास्त. पण सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला तेथे मज्जाव. विटाळ मानणारे शेजारच्या साच्यावरचे कामगारच होते. वर्ग एक, मालक एक, तोंड मात्र बाटणारे! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे मांडला. तरीही 7 नोव्हेंबर 1938 रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांबरोबर उतरले. वर्ग त्यांनी नाकारला नाही. वर्गाच्या नावाने माणूस गिळू दिला नाही.

हुकूमशाहीशिवाय समाजवाद आणायचा, तर तो संविधानातच लिहावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते झाले नाही. आपल्या हाती 38 व 39 ही मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि कलम 37 नुसार ती न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत.

मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 5 नोव्हेंबर 2024 रोजी बहुमताने ठरविले की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती नव्हे. आपले काही कार्यकर्ते यावर संतापले. मला त्यात सरसकट अनर्थ दिसत नाही. गायरान कसणारा आपला माणूस सातबाऱ्यावर स्वतःचे नाव मागतो, तेव्हा तो मालकीच मागत असतो. शिवाय बहुमताने दार बंद केलेले नाही. साधनाचे स्वरूप, त्याची टंचाई, ते मूठभरांच्या हाती एकवटल्याचा परिणाम, हे निकष निकालातच आहेत. मूठभरांच्या ताब्यातील जमिनींबाबत ते वापरून याचिका लिहिणारे वकील आपल्यात किती आहेत?