विलायत की अमेरिका?



ज्या महाडात १९२७ साली पाण्याच्या ओंजळीसाठी आमच्या वडीलधाऱ्यांनी डोकी फोडून घेतली, त्या महाड-पोलादपुरच्या मुलुखात आता घरोघरी निराळाच वाद ऐकू येतो. कशेडी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतले गृहस्थ मध्यंतरी आमच्याकडे आले. त्यांची कन्या लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून अभियंता झालेली. तिच्या हाती दोन पत्रे आली होती, एक लंडनचे व एक न्यूयॉर्कचे. जयभीम घालून त्यांनी ती पत्रे मेजावर ठेवली आणि विचारले, “वकीलसाहेब, यांतले मोठे नाव कोणते?”

नाव दोन्हींचे मोठेच आहे. परंतु ज्याच्या घरी पाऊण एकर वरकस जमीन आणि मुंबईच्या भावाची नोकरी एवढीच पुंजी आहे, त्याने नावापासून आरंभ करणे म्हणजे घाट न पाहता गाडी जुंपणे होय. पैसा कोण देणार, किती वर्षे देणार, आणि मध्येच आटला तर काय, हे प्रश्न आधीचे आहेत.

परमपूज्य बाबासाहेब दोन्ही ठिकाणी शिकले, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. ते कसे शिकले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत येऊन दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार. १९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे त्यांनी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात त्यांना राहावयास जागासुद्धा मिळाली नाही, ती हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून शिलकीला टाकलेला पैसा, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. कोलंबियाची पीएच. डी. प्रबंध छापून सादर केल्यावर १९२७ साली मिळाली; तोवर चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन गेला होता. म्हणजे एवढ्या प्रखर बुद्धीच्या पुरुषाच्या अभ्यासातही तीन वर्षांची खिंड पडली, ती बुद्धी कमी पडल्याने नव्हे, पैसा तुटल्याने.

आणि विद्यापीठ निवडताना पाहावयाचे ते विषय आणि गुरू. कोलंबियात सार्वजनिक अर्थकारणाचे सेलिग्मन होते व तत्त्वज्ञानाचे ड्युई होते. तेथे इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र सर्वत्र हिंडण्याची मोकळीक होती. लंडनला चलनाचा एकच प्रश्न खोल खणावयाचा होता, आणि तेथील प्राध्यापक कॅनन यांनी आपले मत निराळे असूनही त्यांच्या रुपयाविषयीच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. दोन देशांच्या शिक्षणातील हा फरक आजही पुष्कळसा तसाच आहे.

आता हिशेब पाहा. एम. ए. वा एम. एस्सी.ला विलायतेत बहुधा एक वर्ष लागते, अमेरिकेत दीड ते दोन. एक वर्ष कमी म्हणजे फी, खोलीभाडे, जेवणखाण सारेच कमी. कर्जाने जाणाऱ्यास हा फरक जिवावरचा आहे. डॉक्टरेटचे गणित उलटे. अमेरिकेत पाच-सहा वर्षे जातात, परंतु चांगली विद्यापीठे शिकवण्याच्या वा संशोधनाच्या कामाच्या मोबदल्यात फी माफ करून वेतन देतात; विलायतेत तीन-चार वर्षांत काम होते, पण परदेशी विद्यार्थ्यास पैसा मिळवताना नाकी नऊ येतात. बारावीनंतरच जाऊ पाहणाऱ्या हुशार मुलांसाठी एक गोष्ट आमच्या लोकांना ठाऊकच नसते: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम. आय. टी. यांसारखी थोडी विद्यापीठे परदेशी मुलाला प्रवेश देताना घरची ऐपत पाहत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर कमी पडणारी रक्कम स्वतः भरतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजला पदवीच्या परदेशी विद्यार्थ्यास असा आधार विरळा.

शासनाच्या शिष्यवृत्त्या दोन. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या ७५ मुलांना दरवर्षी मिळते. दुसरी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती. तिच्या २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, इतिहास व समाज यांवरील विषय वगळले. १९१६ साली बाबासाहेबांनी कोलंबियात भारतातील जातींवर जो निबंध वाचला, तो विषय घेऊन अर्ज करणाऱ्याला या नियमाखाली काय उत्तर मिळाले असते, हे वाचकांनीच ठरवावे.

आणखी एक कायद्याची बाब. बौद्धांस राज्याच्या सवलती १९६० साली मिळाल्या. केंद्राच्या सवलती मात्र १९५० च्या आदेशात दुरुस्ती होऊन १९९० सालीच खुल्या झाल्या. केंद्राच्या नमुन्यातील दाखल्यात मूळ जात लिहावी लागते. ती लिहिताना पुष्कळांचा हात अडखळतो, आणि का अडखळतो ते आम्ही जाणतो. परंतु तो कागद हक्काचा पुरावा आहे, श्रद्धेचा नव्हे. आईबापांनी बाणेदारपणे तो काढला नाही, आणि ऐन मुदतीच्या दिवशी मुलाचा अर्ज अडला, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

जमीन गहाण टाकून जाण्यास आमचा विरोध आहे. शिक्षणानंतर तेथे नोकरी करून फेडू, हा भरवसा परदेशच्या परवान्यावर उभा असतो आणि ते नियम सरकारगणिक बदलतात.

त्या गृहस्थांना आम्ही दोन्ही विद्यापीठांस पत्रे लिहावयास सांगितले: फीत सूट किती, शिष्यवृत्तीचा निकाल लागेपर्यंत जागा राखाल काय? लंडनहून जागा एक वर्ष राखू असे उत्तर आले. न्यूयॉर्कचे अद्याप यावयाचे आहे. तोवर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ते पोलादपूरच्या तहसीलीत जाऊन आले असून, जातीच्या दाखल्यासाठी येत्या सोमवारी कन्येला घेऊन महाडच्या प्रांत कार्यालयात जाणार आहेत.