घर उबदार, आजोबांची खोली मात्र गार

हिवाळ्यात न्यू यॉर्क, न्यू जर्सी किंवा बॉस्टनला मुलांकडे राहायला गेलेल्या ज्येष्ठांची एक तक्रार माझ्या कानी वारंवार येते : "डॉक्टर, सगळे घर तापलेले असते, माझीच खोली गार." घरची मंडळी वयाला बोल लावतात आणि आणखी एक स्वेटर आणून देतात. अशा वेळी मी विचारतो, खोलीत जुना लोखंडी रेडिएटर आहे का, आणि त्याला एकच नळ जोडलेला आहे का? उत्तर होकारार्थी असेल, तर दोष बहुधा प्रकृतीचा नसून हवा सोडणाऱ्या एका लहानशा झडपेचा, म्हणजे एअर व्हेंटचा असतो.

त्या भागातील अनेक जुनी घरे वाफेने तापवली जातात. तळघरातील बॉयलरमध्ये पाणी उकळते, वाफ नळातून रेडिएटरमध्ये शिरते, तेथे थंड होऊन तिचे पाणी होते आणि ते त्याच नळाने परत येते. परंतु आधी भरलेली हवा बाहेर पडल्याशिवाय वाफेला आत वाव मिळत नाही. कुकरमधून वाफ जोराने येऊ लागल्यावरच आपण शिट्टी ठेवतो, त्यामागेही हवा निघून जावी हाच हेतू असतो. व्हेंट हवा बाहेर सोडतो आणि गरम वाफ लागताच मिटतो. तो रंगाने बुजला किंवा बंद स्थितीत अडकला, तर रेडिएटर गारच राहतो.

व्हेंट निवडताना सर्वांत मोठा वेगवान व्हेंट आजोबांच्या खोलीत बसवावा, असे मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि आधी तळघरातील मुख्य नळाच्या शेवटी असलेला मोठा व्हेंट तपासून घ्यावा. तो चालत नसेल, तर वाफ सर्वच खोल्यांत उशिरा पोहोचते. त्यानंतर थर्मोस्टॅट कोणत्या खोलीत आहे ते पाहावे. ती खोली लवकर तापली की बॉयलर बंद होतो, आणि दूरच्या खोलीकडे निघालेली वाफ वाटेतच थांबते. म्हणून त्या खोलीत मंद व्हेंट आणि दूरच्या खोलीत किंवा मोठ्या रेडिएटरवर अधिक वेगाचा व्हेंट, हा साधा नियम होय. गॉर्टन या प्रचलित प्रकारात 4, 5, 6, सी आणि डी असे क्रम असतात. 4 सर्वांत मंद, डी सर्वांत वेगवान. वेग कमी-जास्त करता येणारे व्हेंटही मिळतात आणि घराचा अंदाज नसताना ते सोयीचे पडतात.

अतिवेगवान व्हेंट मात्र फुसफुसतो आणि पाणी उडवतो. त्याने ज्येष्ठांची झोपमोड होते. ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते, ती वेगळीच. सतत वाफ सोडणारा व्हेंट बदलावा. हे काम बॉयलर बंद करून, रेडिएटर पूर्ण थंड झाल्यावर, जाणकाराकडूनच करून घ्यावे. एकनळी रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवावा. अर्धवट उघडा ठेवल्यास पाणी अडून नळ ठोकल्यासारखे वाजतात. दोन नळांच्या रेडिएटरची रचना निराळी असते. त्याला आपल्या मनाने व्हेंट लावू नये.

एवढी खटपट कशासाठी? वय वाढते तशी थंडीची जाणीव बोथट होते आणि अंगात ऊब निर्माण करण्याची शक्तीही घटते. गारठ्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने थंडीच्या दिवसांत घरात किमान 18 अंश सेल्सियस तापमान सुचवले आहे. ज्येष्ठांसाठी ते याहून थोडे अधिक असावे. न्यू यॉर्क शहरात 1 ऑक्टोबर ते 31 मे या काळात, दिवसा बाहेर 55 अंश फॅरनहाइटपेक्षा कमी तापमान असल्यास घरात किमान 68 अंश आणि रात्री, बाहेर कितीही तापमान असले तरी, किमान 62 अंश फॅरनहाइट राखणे घरमालकावर बंधनकारक आहे. म्हणजे दिवसा सुमारे 20 आणि रात्री सुमारे 17 अंश सेल्सियस. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी रेडिएटरला पाय टेकवून बसू नये. भाजल्याचे उशिरा कळते. खोली तापवण्यासाठी स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवू नये आणि घरात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र चालू असावे. वृद्ध व्यक्ती गारठ्यात सुस्त झाली, बोलताना अडखळू लागली किंवा गोंधळली, तर तेथे त्वरित 911 क्रमांकावर मदत मागावी.

उद्यापासून एक साधे काम करा. पलंगाजवळ तापमापक ठेवून तीन दिवस सकाळी, सायंकाळी आणि पहाटे आकडा टिपून ठेवा. शेजारी थर्मोस्टॅटच्या खोलीतील आकडाही लिहा. दोहोंतील फरक पाहिला की व्हेंट कोठे बदलायचा हे कारागिराला उमगेल, आणि आजोबांची तक्रार खरी होती हे घरच्यांना.