इन्व्हर्टरची बॅटरी खरंच गेली का? काहीशे रुपयांत कळू शकतं

पापडी : वसई तालुक्यात पाऊस आणि वीज यांचं कधी जमलं नाही. जुलै २०१८ च्या पावसात तालुक्यात पाणी तुंबलं, मिठागरातली वस्ती अडकून पडली आणि अनेक भागांत वीज बंद राहिली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, झाडं पडली आणि पुन्हा अंधार झाला. पापडी आणि आसपासच्या गावांत इन्व्हर्टर आता चैनीची वस्तू राहिलेला नाही, त्याचं कारण हेच.

त्यात आता सोलारची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. पण एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. महावितरणच्या लाईनला जोडलेलं साधं सोलार, लाईट गेली की आपोआप बंद होतं. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी सोय असते. म्हणजे छतावर पॅनेल असलं तरी रात्री आणि लाईट गेल्यावर भरवसा बॅटरीवरच.

आणि या बॅटरीचंच मोजमाप कोणी करत नाही. स्मार्ट मीटर घरात आलेल्या युनिटचा हिशेब ठेवतो, पण त्याच्या मागे बसलेल्या बॅटरीची नोंद कुठेच नसते. मग बॅकअप कमी झाला की दुकानदार येतो, मल्टिमीटर लावतो आणि "बॅटरी गेली" म्हणतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लेड-अ‍ॅसिड बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला खरा, तरीही मोठी ट्युब्युलर बॅटरी घ्यायची तर हजारांतच पैसे मोजावे लागतात. दुकानदार खोटं बोलतो असं नाही. पण एकदाच घेतलेलं रीडिंग पुरेसं नसतं.

कारण सरळ आहे. १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी काही तास नुसती ठेवली तर साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. अर्धी उतरली की १२.१-१२.२, आणि ११.८ च्या खाली गेली की जवळपास रिकामी. पण चार्जिंग चालू असताना हाच आकडा चौदाच्या आसपास जातो आणि पंखा-दिवे लावले की खाली बसतो. खराब बॅटरीही चार्जरवरून काढल्या काढल्या छान आकडा दाखवते. खरं कळतं ते रात्रभर लोड देऊन आकडा किती वेगाने उतरतो ते पाहिल्यावर. रात्रभर मीटर धरून कोण बसणार?

इथे हौशी मुलं वापरतात तो आर्डुइनो बोर्ड कामाला येतो. २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी निघालेला हा बोर्ड. त्याच्या नकला आज काहीशे रुपयांत मिळतात. बॅटरीचा व्होल्टेज तासातासाने बदलतो, त्यामुळे महागडं वेगवान यंत्र नको. दहा सेकंदांनी एक रीडिंग आणि मिनिटाची सरासरी एवढं पुष्कळ झालं. बोर्ड शून्य ते पाच व्होल्टच वाचतो, म्हणून मध्ये दोन रेझिस्टर घालून व्होल्टेजचा पाचवा भाग द्यायचा. पाच व्होल्टचे १०२४ भाग होतात, म्हणजे बॅटरीच्या बाजूला सुमारे २४ मिलीव्होल्टचा एक टप्पा पडतो. भरलेली आणि अर्धी बॅटरी यांत वीसेक टप्प्यांचा फरक दिसतो. घरच्या कामाला तो चालतो.

फसगत होते ती दुसरीकडे. बोर्ड स्वतःला मिळणाऱ्या पाच व्होल्टलाच माप मानतो. मोबाईलचा जुना चार्जर लावला आणि त्यातून ४.८ व्होल्टच आले, तर १२.१ ची अर्धी बॅटरी १२.६ म्हणजे फुल दिसेल! वजनकाट्यातलं मापच हलकं निघाल्यासारखं. यावर उपाय म्हणजे एडीएस १११५ नावाची छोटी चिप. तिचं माप तिच्या आतच असतं आणि टप्पेही कितीतरी बारीक. मोबाईलवर आकडे हवेत तर वायफायवाला ईएसपी ३२ घेता येतो, पण त्याचं स्वतःचं व्होल्टेज वाचन वाकडंतिकडं असतं, म्हणून तिथेही हीच चिप जोडलेली बरी. रास्पबेरी पाय महाग, आणि त्याला थेट व्होल्टेज वाचताच येत नाही. काहीही घेतलं तरी चांगल्या मल्टिमीटरशी एकदा आकडा जुळवून घ्यावाच लागतो.

अशी आठवड्याची नोंद हातात असली तर वॉरंटीच्या वादात ग्राहकाला निदान बोलायला जागा मिळते. कंपनी ती मान्य करेलच असं नाही, पण "लोड टेस्ट करून दाखवा" असं ठामपणे सांगता येतं. कधी बॅटरी ठीक असते आणि चार्जरच तिला पूर्ण भरत नसतो, तेही याच नोंदीत दिसतं. सतत अर्धी राहिलेली लेड बॅटरी लवकर मरते, म्हणजे हे वेळेत कळलं तर पैसे वाचतात. सोलारला अनुदान देणाऱ्या सरकारने आयटीआयच्या पोरांना एवढं मोजमाप शिकवलं तरी गावोगावी उपयोग होईल. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरचा सौर दिवा बंद पडला तर दोष पॅनेलचा की बॅटरीचा, हे तिथल्या तिथे कळेल.

जोडताना मात्र बॅटरीच्या टोकाजवळ छोटा फ्यूज हवाच. दोन बॅटऱ्यांच्या इन्व्हर्टरला २५ व्होल्टचं तयार मॉड्यूल लावू नये, चार्जिंगला तिथे २८ व्होल्टपर्यंत जातात. आणि छतावरच्या किंवा सौर पंपाच्या पॅनेलच्या वायरींना हात लावायचा नाही. तिथला डीसी शेकडो व्होल्टचा असू शकतो.