टाकाऊतून टिकाऊ, पण मजुरीचं काय?

बचत गटांच्या प्रदर्शनात हल्ली एक टेबल हमखास असतं. कापलेल्या बाटल्यांचे दिवे, फुटक्या बांगड्यांच्या झुंबरी, जुन्या साडीच्या काठांचे आकाशकंदील. वर पाटी ‘टाकाऊतून टिकाऊ’. दिवे देखणे असतात, त्याबद्दल वाद नाही.

तसं हे कौशल्य बायकांना कुठल्या शिबिराने दिलेलं नाही. आमच्या आया औषधाच्या बाटलीच्या पत्र्याच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडून, चिंधीची वात ओवून चिमणी करत. तिला कोणी हस्तकला म्हटलं नाही. ती कलंडली की भाजायच्या बायका आणि पोरं. श्रीलंकेत डॉ. विजय गोडाकुंबुरा या सर्जननी असे भाजलेले रुग्ण पाहूनच बुटका, जड, दोन बाजूंनी चपटा दिवा तयार केला. तो सहज कलंडत नाही, पडला तरी गडगडत नाही आणि फिरकीच्या झाकणामुळे रॉकेल सांडत नाही. त्याला १९९८ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. टाकाऊ काचेचा तोही दिवा, पण तिथे विचार वापरणारीच्या जिवाचा होता.

आता करणारीचा विचार करू. गेल्या दिवाळीआधी आमच्या गटाने एका दुकानदाराची बाटली-दिव्यांची ऑर्डर घेतली. रॉकेलात भिजवलेला दोरा बाटलीला गुंडाळायचा, पेटवायचा, लगेच गार पाण्यात बुडवायचं. चीर सरळ गेली तर नशीब. मग कड ओल्या पॉलिश पेपरवर घासायची. कोरडी घासली तर काचेची भुकटी नाकातोंडात जाते. फुटलेल्या बाटल्या धरून एका दिव्याला तीन तास लागले. हातात पडले नगाला साठ रुपये. म्हणजे तासाला वीस! बोटं कापली ती वेगळीच.

हे बोललं की उत्तर ठरलेलं: ‘बायका रिकाम्या वेळात करतात ना!’ कुठल्या बाईला रिकामा वेळ असतो, मला एकदा दाखवा. घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागवा, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ च्या ठरावात (क्रमांक १७७) सांगितलं. भारताने तो अजून मंजूर केलेला नाही.

आणि ती बाटली आली कुठून? कोणीतरी कचऱ्यातून वेचून, वेगळी करून, भंगारवाल्याला विकली म्हणून ना? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती हे वेचणं म्हणजे काम आहे, असं सांगतच. २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. आपल्या प्रदर्शनाच्या पाटीवर मात्र या बाईचा उल्लेखही नसतो. यात आपण संघटनावाल्याही आल्या.

माझं म्हणणं एवढंच, की प्रशिक्षण ठेवण्याआधी तासांची वही ठेवा. निदान किमान वेतनाच्या हिशोबाने नगाचा दर काढा. हातमोजे, चष्मे आणि फुटलेला माल यांचा खर्च ऑर्डर देणाऱ्याकडे. यंदा आम्ही वही पुढे ठेवूनच बोललो. जुना दुकानदार उठून गेला. दुसरीने आठ दिवसांची मुदत मागितली आहे. गटातल्या दोघी माझ्यावर रागावल्या आहेत. साठ तर साठ, मिळत होते ना, म्हणतात. त्यांचंही खोटं नाही.