कुरकुरणारा खुबा

जेवणाच्या टेबलाशी बसलेला तो गृहस्थ जरा पुढे वाकला की त्याच्या खुब्यातून कुर्र आवाज यायचा. बायकोला त्याच्याबरोबर एका खोलीत बसवेना. त्याच्या मांडीच्या हाडावर ॲक्रिलिकचा गोळा बसवलेला होता. त्या काळी ही पद्धत रूढ होती. इंग्लंडमधल्या मँचेस्टरचे हाडांचे सर्जन जॉन चार्नली यांच्या कानावर ही तक्रार आली आणि त्यांच्या डोक्यातून तो आवाज जाईना. कुरकुर होते म्हणजे गोळा खुब्याच्या वाटीत अडकत फिरतो. अडकत फिरतो म्हणजे हाडातला त्याचा दांडा रोज थोडाथोडा हलतो. आज ना उद्या तो सैल होणारच.

चार्नली यांचा जन्म १९११ सालचा, लँकाशायरमधल्या बरी गावचा. वडील औषधविक्रेते, आई परिचारिका. मँचेस्टरला शिकून १९३५ मध्ये ते डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याचे डॉक्टर म्हणून डंकर्कच्या माघारीत होते, नंतर कैरोला गेले. तिथे सैन्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी जखमी पायांसाठी आधार बनवून घेतले. यंत्रांची ओढ आयुष्यभर टिकली. घरी त्यांचा स्वतःचा लेथ होता.

१९४६ मध्ये, हाडाचे कलम कसे रुजते हे पाहायचे म्हणून, त्यांनी सहकाऱ्याकडून स्वतःच्याच नडगीचा तुकडा काढून घेतला. जखम चिघळली, हाडात पू झाला, पुन्हा ऑपरेशन करावे लागले. हा माणूस प्रयोगाची पहिली किंमत स्वतःच्या अंगावर घ्यायचा, हे पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवायला हवे. १९५० मध्ये त्यांचे पुस्तक आले, तेही मोडलेली हाडे न कापता कशी बसवावीत यावर. चाकू केव्हा हाती घेऊ नये हे त्यांनी आधी लिहून ठेवले होते.

शाळेत आपण ज्याला उखळीचा सांधा म्हणून शिकतो, तो हा खुबा. निरोगी सांध्यात कूर्चा कूर्चेवर फिरते, बर्फावरच्या पोलादाहूनही गुळगुळीत. संधिवाताने ती झिजली की माणसाला चार पायऱ्या चढवत नाहीत, कुशीवर वळताना जाग येते. चार्नली यांनी गोळा आणि वाटी दोन्ही बदलायचे ठरवले. गोळा पोलादाचा आणि मुद्दाम लहान, २२ मिलिमीटरचा, म्हणजे फिरताना वाटीला कमी हिसका बसेल. दांडा हाडात पक्का करायला दातांच्या डॉक्टरांकडचे ॲक्रिलिक सिमेंट. ते डिंकासारखे चिकटवत नाही; गवंडी फटीत माल भरतो तसे खाचाखोचांत बसते आणि भार सगळ्या हाडावर वाटून देते. वाटी मात्र टेफ्लॉनची, आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असते त्याच पदार्थाची.

१९५८ पासून पुढे सुमारे ३०० खुबे असे बसवले गेले. काठीवाचून न चालणारी माणसे चालू लागली. मग दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजू लागले. झिजलेल्या भुकटीने सांध्याभोवती चिजासारख्या गाठी धरल्या, दुखणे परतले. ज्यांना बरे केले म्हणून आपण समाधानाने घरी पाठवले, त्यांनीच एकामागून एक लंगडत परत यावे, यासारखे दुःख सर्जनला दुसरे नसेल. चार्नली यांनी ते लपवले नाही. पुन्हा टेबलावर घेऊन ते खुबे त्यांनी दुरुस्त केले. आणि या भुकटीला शरीर कसे वागवते हे कळावे म्हणून तिचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. काही महिन्यांनी तिथे गाठी लागल्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९६३ साली त्यांनी ते छापलेही.

यातून वाट निघाली ती कापडाच्या धंद्यातून. मे १९६२ मध्ये एक विक्रेता लँकाशायरच्या मागांसाठी प्लॅस्टिकची दातेरी चाके विकत फिरत होता. तो पदार्थ म्हणजे जास्त रेणुभाराचे पॉलिथिन. गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला मागावरच्या चाकाची किती झीज होते हे सांगायला नको. चार्नली यांनी तुकड्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहिले आणि वेळ वाया घालवू नका म्हणत ते निघून गेले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तरीही तुकडा घासणाऱ्या यंत्रावर चढवला. साहेब कोपनहेगनला गेले होते, यंत्र रात्रंदिवस चालू होते. तीन आठवड्यांत जेवढी झीज झाली, तेवढी टेफ्लॉनची एका दिवसात व्हायची. चार्नली परत आले, आकडे पाहिले आणि आपले चुकले हे त्यांनी मानले. नोव्हेंबर १९६२ मध्ये पहिली पॉलिथिनची वाटी बसली. या शोधात क्रेव्हन यांचे नाव चार्नली यांच्या बरोबरीने घ्यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

विगनजवळच्या राइटिंग्टनच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात हे सारे चालले. तिथे त्यांनी ऑपरेशनच्या टेबलाभोवती गाळलेल्या हवेची काचेची खोली उभारली. आत सर्जनने सोडलेला श्वाससुद्धा नळीने बाहेर ओढला जाई. शंभरातल्या सातएक रुग्णांना होणारा जंतुसंसर्ग एका टक्क्याच्याही खाली आला.

पण टेफ्लॉनची भीती मनातून गेली नव्हती. नवा सांधा इतर सर्जनांना विकायला त्यांनी काही वर्षे मनाई केली. नंतरही राइटिंग्टनला येऊन शिकल्याखेरीज कुणाला तो मिळत नसे. १९७४ मध्ये लास्कर पारितोषिक, पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९७७ मध्ये सर ही पदवी. १९८२ मध्ये ते गेले तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

रुग्णांकडे ते एक मागणी करत. दरवर्षी तपासणीला या, एक्स-रे काढू द्या. आणि तुम्ही गेल्यावर हा सांधा आम्हाला परत द्या. रुग्ण हो म्हणायचे. वीस-वीस वर्षे चाललेल्या, घरच्यांनी आठवणीने कळवून परत दिलेल्या त्या वाट्या राइटिंग्टनला येत राहिल्या, आणि कोणती किती झिजली हे तिथे मिलिमीटरच्या अंशांत मोजले जात राहिले.